न्यू जर्सीत दादाकडे चोवीस दिवस: श्रीमंत नक्की कोणाला म्हणायचं?

कृष्णाकाठ (४ ऑक्टोबर २०२५)

सप्टेंबरमध्ये चुलतभावाकडे न्यू जर्सीला जाऊन आले. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. दादा २०१२ पासून तिकडे आहे आणि आमच्या खानदानात 'श्रीमंत' म्हटलं की त्याचंच नाव निघतं. लग्नकार्यात त्याचं आहेराचं पाकीट जाड असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी "दादाला सांगा की" म्हणताना कोणाची जीभ अडखळली नव्हती. माझीही नाही.

तिथे गेल्यावर जे पाहिलं ते असं. घर मोठं आहे, चार बेडरूमचं, मागे हिरवळ. पण ती हिरवळ दर शनिवारी दादा स्वतः कापतो, कारण गवत वाढलं की सोसायटीचं पत्र येतं. फ्लशची टाकी बिघडली, तर यूट्यूब लावून, फरशीवर गुडघे टेकून त्यानेच दुरुस्त केली. प्लंबर नुसता दारात यायचे दीडशे डॉलर सांगत होता. घराचं कर्ज तीस वर्षांचं, २०४९ ला फिटणार. तेव्हा दादा बहात्तर वर्षांचा असेल. घरपट्टी वर्षाला बारा हजार डॉलरच्या वर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि चहाचा कप खाली ठेवला. आमच्या सांगलीच्या फ्लॅटची घरपट्टी साडेचार हजार रुपये आहे आणि तीही भरताना आमचे हे दरवर्षी कुरकुरतात.

एका संध्याकाळी वहिनी पोळ्या लाटत होती. नोकरीवरून येऊन, लॅपटॉप ओट्याच्या टोकाला उघडा ठेवून. लाटता लाटता तिने सहज विचारलं, "तुझ्याकडे कामाला किती जणी येतात गं?" म्हटलं, दोघी. पोळ्यांच्या मावशी वेगळ्या, भांड्यांच्या वेगळ्या. ती म्हणाली, "श्रीमंत आहेस बाई." चेष्टा करत नव्हती ती.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. माझा फ्लॅट कर्जमुक्त, दुपारी चारला मी कॉलेजमधून घरी, इस्त्रीवाला दारात येतो. मग आमच्या दोघांत श्रीमंत कोण? तुमच्यापैकी जे परदेशी नातेवाइकांकडे राहून आलेत (किंवा ज्यांच्याकडे नातेवाईक राहून गेलेत), त्यांचा काय अनुभव?

गुणिले_८५

ताई, पहिला नियम: विमानात बसल्यापासून गुणाकार बंद. माझ्या बाबांनी शिकागोच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीचा गुणाकार केला आणि बहिणीच्या घरी पोचेपर्यंत तहानलेले राहिले. घरी पोचल्यावर नळाचं पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे तरी फुकट आहे ना?" भावोजी म्हणाले, "नाही बाबा, बिल येतं."

तिसरी_घंटा

आली, सहामाही जिलबी आली. 'त्यांच्याकडे पैसा आहे पण सुख नाही, आपल्याकडे मावशी आहेत.' हा धागा मी इथे किमान पाच वेळा वाचलाय.

बारा हजार डॉलर घरपट्टी दिसली, ती जाते कुठे ते पाहिलंत का? त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. तुमची भाची बारावीपर्यंत फुकट शिकणार, पिवळी बस घराजवळ येणार. आता तुमच्या मुलाची शाळेची फी, रिक्षाकाका आणि क्लास यांची बेरीज करून सांगा. मग बोलू कोण श्रीमंत.

कृष्णाकाठ

@तिसरी_घंटा, बरोबर पकडलंत. मुलाच्या अकरावी-बारावीच्या क्लासला दोन वर्षांत अडीच लाख गेले आणि वर लिहिताना मला ते आठवलेसुद्धा नाहीत. मी स्वतः अकरावी-बारावीला शिकवते, म्हणजे बघा.

पावशेर_हळद

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

एडिसनकर

इथला रहिवासी म्हणून थोडी भर. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे. राज्याचं सरासरी बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं. तेव्हा ताईंचा आकडा अतिशयोक्तीचा नाही.

पण तिसरी घंटा म्हणतात तशी शाळा 'फुकट' नाही. शाळांचा बराच पैसा त्या त्या गावाच्या घरपट्टीतून येतो, म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग. आम्ही घर पाहत होतो तेव्हा एजंट खोल्या दाखवायच्या आधी शाळांचे क्रमांक दाखवायचा. एकाच रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे हद्द बदलते आणि त्याबरोबर किंमतही. फी आहेच, फक्त भिंतींमध्ये चिणलेली आहे. ज्याला ते घर परवडत नाही त्याचं पोर पलीकडच्या शाळेत.

दुसरं आजारपण. नोकरीतून मिळालेला विमा असला तरी नेटवर्कमधल्या (विमा कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यांतल्या) उपचारांवर कुटुंबाचा खिशातून होणारा खर्च वर्षाला १८,४०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. ही २०२५ ची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा. प्रीमियम वेगळा. म्हणून इथे लाखभर डॉलर कमावणारा माणूसही छातीत दुखलं तर आधी विचार करतो, की ॲम्ब्युलन्स बोलवू की बायकोला गाडी काढायला सांगू.

मोगरा_७८

ॲम्ब्युलन्सवरून आठवलं. सासरे नणंदेकडे टेक्सासला असताना रात्री छातीत कळ आली. दवाखान्याने आधी उपचार केले, पैशांचं नंतर विचारलं. तसा कायदाच आहे म्हणे तिकडे, १९८६ पासून. घरी आल्यावर सासरे सगळ्यांना सांगत सुटले, काय ती माणुसकी, काय ती स्वच्छता. तीन महिन्यांनी बिलं यायला लागली. डॉक्टरचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. प्रवासी विमा कंपनीने 'आधीपासूनचा आजार' म्हणून हात वर केले. नणंदेने बिलं हप्त्यांनी फेडली आणि सासऱ्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मला ते त्यांच्या तेराव्यानंतर कळलं.

चष्मेबहाद्दर

मावशींबद्दल बोलू का? कोणाला राग आला तर येऊ दे.

दोन जणी कामाला येतात ही आपली श्रीमंती नाही, त्यांची गरिबी आहे. न्यू जर्सीत २०२५ चं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर. तिथे वहिनीला बाई परवडत नाही, कारण बाईच्या तासाला किंमत आहे. आपल्याला परवडते, कारण नाही. वहिनी म्हणाली 'श्रीमंत आहेस', तेव्हा खरं तर तिने दोन देशांतल्या मजुरीतला फरक मोजला.

खारी_बिस्कीट

@चष्मेबहाद्दर, मग काय उद्यापासून मावशींना काढून टाकायचं? त्यांच्या घरची चूल तुम्ही पेटवणार का? आमच्या मावशींच्या मुलीची कॉलेजची फी आम्ही भरतो. एवढं सोपं नसतं ते.

चष्मेबहाद्दर

काढा असं कुठे म्हटलं? मोजायचं असेल तर नीट मोजा, एवढंच. आणि फी भरता ते चांगलंच आहे, पण पगार पुरेसा असता तर ती त्यांनीच भरली असती.

खारी_बिस्कीट

🙏 वाद नको. मी खारी भिजवते चहात.

निळी_सायकल

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

मी पिंपरीत वाढलो. माझी आई आठ घरची धुणीभांडी करायची. आता मी श्टुटगार्टला आहे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत. २०२३ मध्ये आईला पहिल्यांदा इकडे आणलं, नव्वद दिवसांच्या व्हिसावर.

इथे आमच्या भागात एक पद्धत आहे. इमारतीचा जिना आणि समोरचा पदपथ झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घरावर येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. नाव 'केरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा. आईला सांगितलं तर ती हसत सुटली, "केर तर आपलाच शब्द की रे!" भाषाशास्त्र काहीही म्हणो, आमच्या घरात तो शब्द मराठीच ठरला.

तर आमच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात. साठीचे, मोठ्या इस्पितळात विभागप्रमुख. त्या आठवड्यात पाटी त्यांच्या दाराला. शनिवारी सकाळी ते बादली आणि ब्रश घेऊन जिना घासत होते. आई दार उघडून बघत उभी राहिली. मग तिला राहवेना. पदर खोचला आणि त्यांच्या हातातला ब्रश घ्यायला गेली. ते घाबरलेच. मला हाक मारली, मी मध्ये पडलो. ते जर्मनमध्ये म्हणाले, आईंना सांग, पाळी माझी आहे, त्यांची अजून तीन आठवड्यांनी.

आई घरात येऊन खुर्चीवर बसली. म्हणाली, "सत्तावीस वर्षं भांडी घासली, पण कुठला डॉक्टर जिना पुसताना बघितला नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मी इथे जन्मले असते तर काय काम केलं असतं रे?" मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

तीन आठवड्यांनी पाटी आमच्या दाराला आली. जिना आईनेच पुसला, मला हात लावू दिला नाही. मग खाली उभी राहून वरपर्यंत बघितलं आणि मला फोटो काढायला लावला. तो फोटो पिंपरीच्या घरात देवाच्या शेजारी आहे.

मोगरा_७८

@निळी_सायकल, डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

चष्मेबहाद्दर

माझ्या वरच्या दोन पोस्टींपेक्षा ही भारी. दंडवत.

आकडेमोड

विषय निघालाच आहे तर: रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवलं, की एका देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा सुखी असतात, पण अख्खा देश श्रीमंत होत गेला म्हणून लोक त्या प्रमाणात सुखी होत नाहीत. म्हणजे आपण शेजाऱ्याशी तुलना करून सुख मोजतो. नंतर कानेमान आणि डीटन या संशोधकांचा २०१० चा अभ्यास आला: वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजचं सुख वाढत नाही. २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ नावाचा दुसरा संशोधक म्हणाला, वाढतं. २०२३ मध्ये कानेमान आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले आणि निष्कर्ष निघाला, की बहुतेकांचं वाढतच राहतं, फक्त जे मुळात दुःखी असतात त्यांचं एका टप्प्यावर थांबतं.

गुणिले_८५

म्हणजे मुळात कुरकुरे असाल तर पगारवाढ मागू नका. माझ्या साहेबांनी हा अभ्यास आधीच वाचलेला दिसतोय.

पावशेर_हळद

अवांतर: परदेशी नातेवाइकांकडे झिपलॉकच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात का? आमच्या मावसबहिणीकडे नळावर पालथ्या घातलेल्या असतात. दोन गाड्या आहेत दारात.

एडिसनकर

घालतात. आमच्याकडे त्यासाठी लाकडी स्टँड आहे. विकत घेतलेला.

खारी_बिस्कीट

😂😂 स्टँड किती डॉलरला?

एडिसनकर

सांगत नाही. गुणिले_८५ वाचतोय.

बस_स्टॉप

मला वेगळंच सांगायचंय. मी आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे सिॲटलला गेले होते. आई वॉकर घेऊन चालते. पुण्यात ती तीन वर्षांत एकदाही बसमध्ये चढलेली नाही. घर, दवाखाना, घर, आणि मध्ये रिक्षात बसवताना मी आणि रिक्षावाला मिळून उचलणार.

तिकडे दुसऱ्या दिवशी बहीण ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघी स्टॉपवर उभ्या. बस आली, वॉकर बघून ड्रायव्हर बाईने कसलंसं बटण दाबलं. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि अख्खी बस आमच्या बाजूने खाली वाकली. गुडघा टेकल्यासारखी. मग पायरीच्या जागी फळी बाहेर आली. आई वॉकरसकट चालत चढली. कोणी उचललं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. १९९० च्या अपंग हक्कांच्या कायद्यामुळे हे बंधनकारक आहे असं नंतर बहिणीने सांगितलं.

आई पुढचे वीस दिवस रोज बसने ग्रंथालयात जात होती. एकटी. बहिणीचं घर दोन बेडरूमचं, भाड्याचं. पण आईच्या लेखी श्रीमंती म्हणजे ती वाकणारी बस. आपल्या मालकीची नसूनही आपल्याला वापरता येते ती.

तिसरी_घंटा

@बस_स्टॉप, सिॲटल शहर आहे म्हणून. तुमच्या बहिणीचं घर उपनगरात असतं तर बस सोडा, पदपथसुद्धा नसता. गाडी चालवता न येणारे आईवडील तिकडच्या उपनगरात म्हणजे सोन्याच्या पिंजऱ्यातले पोपट. माझे वडील सहा महिन्यांचा शिक्का घेऊन गेले आणि अडीच महिन्यांत परत आले. म्हणाले, "खिडकीतून माणूस दिसत नाही. कुत्रा फिरवायला आला तर दिसतो, पण तो कुत्र्याशी बोलतो."

दाभोळखाडी

सगळे अमेरिका-जर्मनी करताय. आमच्या कोकणात परदेश म्हणजे आखात. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी कुवेत, दुबई नाहीतर मस्कतला.

मोठे मामू १९७८ पासून कुवेतला. ते सुट्टीवर आले की आम्हा पोरांची ईद. टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या, जाड घोंगड्या. गावातलं पहिलं स्लॅबचं घर त्यांचं. श्रीमंत म्हणजे मामू, यात शंका नव्हती.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मामू, मामी आणि दोन मुलं बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेपर्यंत आले, मग अम्मानला तंबूत काही दिवस, मग विमान. त्या वेळी साधारण पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणलं होतं, त्यातले हे चौघे. मुंबईला उतरले तेव्हा मामूंच्या हातात एक थर्मास होता. बाकी बारा वर्षांचं सगळं तिकडेच. कुवेती दिनार, जगातलं सगळ्यात महाग चलन म्हणून आम्ही शाळेत मिरवायचो, ते खिशात थोडे होते पण मुंबईत कोणी घेईना.

गावात आले ते थेट आमच्या घरी. त्यांचं स्लॅबचं घर भाड्याने दिलेलं होतं, भाडेकरूला लगेच काढायचं कसं? चार महिने आमच्या पडवीत राहिले. नानी म्हणायची, "ज्याने इतकी वर्षं सगळ्यांना दिलं त्याला ताट मागायला लावू नका." म्हणून रोज संध्याकाळी कोणीतरी 'मासळी जास्त आली' म्हणून आणून द्यायचं. जास्त येत नव्हती. मासळी मोजून आणतात हो.

मामू १९९२ मध्ये परत गेले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. थर्मास अजून आहे, झाकण तुटलंय.

निळी_सायकल

'मासळी जास्त आली.' वा.

आठ_डॉलर

माझं सदस्यनाम का असं, हे इथे कोणी कधी विचारलं नाही. आज सांगतो. १९६९ साली मी शिकायला अमेरिकेला गेलो तेव्हा परकीय चलनाची इतकी टंचाई होती, की हातात फक्त आठ डॉलर मिळाले. त्यातले दोन न्यूयॉर्कच्या विमानतळावरच खर्च झाले. पुढच्या सहा वर्षांत घरी एकदाही आलो नाही. पत्राला दहा-बारा दिवस, फोन म्हणजे आधी नोंदवून ठेवायचा आणि तीन मिनिटांत "ऐकू येतंय का?" एवढंच बोलून व्हायचं.

एकतीस वर्षं राहून परत आलो. आता मुलगा तिकडे, मी इकडे. लोक मला श्रीमंत म्हणतात. मी ते खोडत नाही, कारण पैसे आहेतच. नाहीत म्हणणं हा ढोंगीपणा होईल.

गुणिले_८५

काका, आठ डॉलर गुणिले तेव्हाचा दर काय हो?

आठ_डॉलर

साडेसात रुपये. साठ रुपये झाले. पण गुणाकार करू नये म्हणता ना तुम्ही?

कृष्णाकाठ (११ ऑक्टोबर २०२५)

आठवडाभर सगळ्यांचं वाचतेय. पहिल्या पोस्टमध्ये मी खरी गोष्ट लिहिलीच नव्हती. पोळ्यांची आणि घरपट्टीची लिहिली, कारण ती सोपी होती.

काका, म्हणजे दादाचे वडील, जुलै २०२० मध्ये गेले. दादा आला नाही. अंत्यविधी मोबाइलवर बघितले त्याने. फोन मीच धरला होता, माझा हात दुखायला लागला म्हणून मध्ये भिंतीला टेकवला. घरात कुजबुज झाली, "डॉलर सुटले नाहीत." आईपाशी हे वाक्य मीही बोलले आहे. एकदा नाही. पाच वर्षं मी मनात धरून होते आणि त्याच्याकडेच चोवीस दिवस पाहुणचार घ्यायला गेले.

आम्ही तिकडे असताना १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी दादाचा फोन वाजायला लागला, तो थांबेना. एच-वन-बी व्हिसासाठी (दादा ज्यावर नोकरी करतो तो) एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघाला होता, रविवारपासून लागू. ऑफिसची मेल आली: देशाबाहेर असाल तर परत या, आत असाल तर बाहेर जाऊ नका. विमानात बसलेले लोक उतरल्याच्या बातम्या. दादाचं दिवाळीचं सांगलीचं तिकीट काढलेलं होतं. शनिवारी दुपारनंतर खुलासा आला, की हे नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही. पण ती एक रात्र मी त्याला डायनिंग टेबलाशी बघितलं. चार बेडरूमच्या घराचा मालक, समोर निळी प्लॅस्टिकची फाइल, त्यात पासपोर्ट आणि मंजुरीची कागदं, आणि तो तारखा पुन्हा पुन्हा वाचतोय. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत त्याची तारीख २०१५ ची आहे. भारतीयांची त्याच्या वर्गातली रांग २०२५ च्या उन्हाळ्यात जानेवारी २०१३ च्या तारखेवर होती. वहिनीच्या नोकरीचा परवानाही त्याच्याच व्हिसाला टांगलेला.

त्या फाइलमध्ये एक कागद होता. जुलै २०२०, न्यूअर्क ते मुंबई. काका गेले त्या रात्री काढलेलं आणि सकाळी रद्द केलेलं तिकीट. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. जूनमध्येच हुकूम निघाला होता, की बाहेर असलेल्या एच-वनवाल्यांना नव्या शिक्क्यावर वर्षअखेरपर्यंत आत घेणार नाही, आणि नंतर तो मार्च २०२१ पर्यंत वाढला. आला असता तर बायको आणि चार वर्षांची मुलगी तिकडे आणि हा इकडे, किती महिने ते माहीत नाही. मी विचारलं, "हे तू आम्हाला सांगितलं का नाहीस?" म्हणाला, "सांगून काय, बाप गेल्यावर व्हिसाची सबब सांगायची?"

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. वहिनीने वडे, खीर, आमसुलाची चटणी सगळं केलं. दादाने सोवळं म्हणून धुतलेली ट्रॅकपँट घातली आणि काकांसाठी पान मागच्या डेकवर ठेवलं. कावळे होते, लांब झाडावर, पण एक उतरेना. अर्धा तास आम्ही काचेच्या दारामागे उभे. मग मांजराएवढी एक करडी खार आली, तिने दोन्ही हातांत वडा उचलला आणि कुंपणावर बसून खाल्ला. भाची म्हणाली, "आजोबा आले?" दादा म्हणाला, "आले. त्यांना वडा आवडायचा." आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा तो रडला. मीही.

श्रीमंत कोण विचारलं होतं मी. बस पकडून तासाभरात आईच्या घरी पोचते मी, मिरजेला. ते कधी हिशेबात धरलं नव्हतं.

मोगरा_७८

काय बोलू. दादांना सांगा, इथल्या एका अनोळखी बाईने हात जोडलेत.

तिसरी_घंटा

जिलबी म्हणालो होतो. शब्द मागे. तिकिटाचं काय झालं, दिवाळीचं?

कृष्णाकाठ

रद्द केलं. शिक्क्यासाठी मुलाखत लागते. बहुतेकांना मुलाखतीशिवाय काम व्हायचं ती सोय २ सप्टेंबरपासून बंद झाली आणि त्याला अजून तारीख मिळालेली नाही. आत्याला मी समजावून सांगितलं. तिला व्हिसा कळला नाही, खार कळली.

गुणिले_८५

खारीने घास घेतलेला चालतो का, हे कोणा जाणकाराने सांगावं. विनोद नाही, खरंच विचारतोय. आमच्या बहिणीकडे दरवर्षी हाच प्रश्न असतो.

आठ_डॉलर

१९७४ साली माझे वडील गेले. तार तीन दिवसांनी मिळाली. ओहायोत कडाक्याची थंडी, कावळा औषधालाही नव्हता. मित्राने तळ्यावर नेलं, तिथे मोठी राखाडी बदकं असतात. भात त्यांना घातला. एकाने माझा अंगठाही चावला. चालतं.

कृष्णाकाठ

दादाला हा धागा वाचायला पाठवला होता. आत्ता उत्तर आलं. इतकंच लिहिलंय: "फ्लशची टाकी दोनदा दुरुस्त केली, एकदा नाही. ते सुधार."